नाव गावी राहते, कोयता पुढे जातो

2023 मध्ये धाराशिव जिल्ह्याला त्याचे मूळ नाव परत मिळाले. निजामी राजवटीने लादलेली खूण पुसली गेली. नाव म्हणजे केवळ अक्षरे नव्हेत, ती अस्मिता असते, असे त्या वेळी सर्वांनी सांगितले आणि ते योग्यच होते. मग त्याच न्यायाने एक प्रश्न विचारला पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून जी बिऱ्हाडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि सीमेपलीकडे बेळगावकडे निघतात, त्यांच्या नावाचे पुढे काय होते?

ऊसतोडीच्या हिशेबात माणूस नसतो, कोयता असतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. दोन जीव मिळून एक हत्यार! मुकादमाच्या वहीत कोयते मोजले जातात, उचल कोयत्यावर दिली जाते आणि जोडीतील एक जण तापाने पडला तर खाडा धरून पैसे कापले जातात. जिल्ह्याच्या नावासाठी पिढ्यान् पिढ्या आग्रह धरणाऱ्या समाजाला आपल्याच माणसाचे हे नामांतर खुपत कसे नाही?

‘बाहेरचा कोण’ या प्रश्नावर महाराष्ट्राने पुष्कळ घसा कोरडा केला आहे. 1966 नंतर मुंबईत दाक्षिणात्यांच्या निमित्ताने, 2008 मध्ये उत्तर भारतीयांच्या निमित्ताने. स्थानिक तरुणाच्या रोजगाराचा प्रश्न खोटा होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मराठी बोलणारा, तुळजाभवानीचा जोगवा मागणारा माणूस दोन-तीनशे किलोमीटरवर जाऊन आपल्याच राज्यात उपरा ठरतो, याची दखल अस्मितेच्या कोणत्या मेळाव्याने घेतली? आमच्या विद्वानांची तऱ्हा आणखी निराळी. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून मजूर आणले आणि त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले. ते परत जातील या समजुतीवर सारा कारभार बेतला. त्यांच्या मुलांच्या ओळखीच्या प्रश्नावर येथे चर्चासत्रे झडतात. ती झडावीतही, पण जर्मनीने निदान ‘पाहुणा’ हा शब्द तरी वापरला होता. आमच्या साखरपट्ट्याला तोही सुचला नाही.

आणि हा साखरपट्टा काही कृपण माणसांचा मुलूख नव्हे. फलटण, माळशिरस, इंदापूर ही पालखीमार्गावरची गावे आहेत. आषाढीच्या वाटेवर तिथे अनोळखी वारकऱ्याला ‘माउली’ म्हणून घरात घेतले जाते, त्याच्या पायांना तेल लावले जाते. त्याची जात वा जिल्हा कोणी विचारत नाही. पुढे मार्गशीर्षात त्याच परिसरात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. तिथे दिवा नसतो, शौचालय नसते. बाई पहाटे अंधारात फडावर जाते आणि तान्हे बाळ फडाच्या कडेला निजवते. हा आलेला माणूस माउली का नाही? वारीत जी समरसता आपण अनुभवतो, ती उसाच्या सरीपाशी येऊन का थांबते?

या प्रदेशाला चळवळीचे वावडे आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. ऊसदराचे आंदोलन हे तिथल्या शेतकऱ्याचे न्याय्य हत्यार आहे. 2023 मध्ये कोल्हापूर परिसरात त्या आंदोलनाने हंगाम रोखला आणि 23 नोव्हेंबरला पुणे-बंगळूरु महामार्ग अडवल्यावर तोडगा निघाला. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, आनंदच आहे. पण तोड बंद असते तेव्हा टोळ्या कोपीत बसून उचलीचे पैसे खातात. उसाचे टिपरू मोडले नाही तर त्यांना दाम नाही. ही बसून काढलेल्या दिवसांची भरपाई कोणत्या मागणीपत्रात असते? तोडणी कामगारांचे संपही झाले, जानेवारी 2024 मध्ये दरात 34 टक्के वाढही ठरली. मात्र ती लढाई संघ आणि पुढाऱ्यांच्या टेबलावर झाली; ज्या गावात हा माणूस पाच महिने राहतो, त्या गावाने त्याच्या बाजूने तोंड उघडल्याचे दिसले नाही.

कायद्यानेही त्याला वाऱ्यावरच सोडले. 1979 च्या कायद्याने राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच स्थलांतरित मानले. म्हणजे भूमचा माणूस बेळगावला गेला तर त्या कक्षेत आणि कोल्हापूरला गेला तर बाहेर! मताचे तेच. जिल्हा परिषदेच्या निवडणुका 2012 आणि 2017 मध्ये फेब्रुवारीत, ऐन हंगामात झाल्या. ज्याला गरज असेल तो उमेदवार गाड्या पाठवून मतदार ‘आणतो’, एवढीच त्याच्या नागरिकत्वाची किंमत. शिधापत्रिका कुठेही चालते म्हणतात. परंतु त्या पत्रिकेवरचे धान्य गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांना लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये झालेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यानंतर कोणत्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत शोकप्रस्ताव मांडला गेला?

केवळ पश्चिमेकडे बोट दाखवून धाराशिवकरांची सुटका नाही. ढोकीचा तेरणा, रांजणीचा नॅचरल शुगर हे कारखाने याच जिल्ह्यात आहेत आणि इथल्या फडांतही बाहेरच्या टोळ्या येतात. ज्या तेरला दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत व्यापार करणारे तगर म्हणून जग ओळखत होते, त्याच्या आसपासच्या शिवारात आलेल्या मजुराच्या लेकराला शाळेत बसवायला जागा नसावी?

ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे 10 रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले आहे. त्याचा हिशेब प्रत्येक कारखान्याने फलकावर लावावा. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी टोळीतील प्रत्येक स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नावाने नोंद व्हावी, उचल आणि मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत पडावी आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कोप्या पडतात तिने त्या मुलांची यादी पहिल्याच आठवड्यात शाळेला द्यावी. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावच्या आपल्या कार्यकर्त्यांनी वही-पेन घेऊन कोप्यांवर जावे आणि पहिला प्रश्न विचारावा: आपले नाव काय?