कॉम्प्युटरची यादी आपणच करायची



विषय बघून काही जणी म्हणतील, काकूंनी लोणचं-पापड सोडून हे काय काढलं? पण अलीकडे मला सगळ्यात जास्त फोन याच गोष्टीसाठी येतात. कुणाच्या दुकानातला कॉम्प्युटर बदलायचाय, कुणाच्या नातवाला घरी हवाय, कुणाला कुणीतरी सांगितलंय की विंडोज १० बंद झालं, आता सगळं नवंच घ्या. आणि बोलणं संपताना प्रत्येकीचं ठरलेलं वाक्य येतं, "आम्हाला त्यातलं काय कळतंय? मुलगा आणि दुकानदार बघून घेतील."

हे मला पटत नाही. सोनं घेताना मजुरी, घट, हॉलमार्क सगळं विचारणाऱ्या बायका आपण. वर्षाचे गहू भरताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन बघणाऱ्या. कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, सात-आठ सुट्या वस्तूंची यादी. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर आणि बाहेर यूपीएस. ही यादी कामावरून करावी आणि त्या मशीनवर जी रोज बसणार आहे तिला विचारून करावी, असं माझं ठाम मत आहे. दुकानातली कोटेशनं बहुतेकदा उलट बाजूनं तयार होतात. आधी एक भारी नाव घालायचं आणि उरलेल्या पैशात बाकीचं हलकं बसवायचं.

माझ्या धाकट्या जावेच्या किराणा दुकानासाठी असंच एक कोटेशन आलं होतं. वरच ठळक अक्षरात "आय-७, एकदम फास्ट". भाव ऐकून भाऊजी खूश! मी फक्त विचारलं, आय-७ च्या पुढचा नंबर काय? तो निघाला २६००. म्हणजे इंटेलचा २०११ सालचा प्रोसेसर. सोबत एच६१ जातीचा बोर्ड. बोर्ड खोक्यातून नवा येतो, पण त्याचा पाया त्याच काळातला. त्याला जुनी डीडीआर३ रॅम लागते आणि विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. नंबर वाचायला अगदी सोपं आहे. आय-३ १२१०० मधले पहिले दोन आकडे पिढी सांगतात, बारावी. आय-५ ८४०० म्हणजे आठवी. आणि २६०० म्हणजे दुसरी. २०२२ सालचा आय-३ १२१०० दुकानाच्या कामाला त्या आय-७ पेक्षा सरस आहे आणि वीजही कमी खातो. तरी गिऱ्हाईक "सात" ऐकतं आणि "तीन"कडे बघत नाही. कॅरेट न विचारता नुसत्या चकाकीवर बांगडी घेतल्यासारखं झालं हे.

नंबराच्या शेवटी अक्षर आहे का तेही बघा. १२१००एफ मधला एफ म्हणजे त्यात चित्र दाखवण्याची सोय नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल. घरी आणि दुकानात आपल्याला त्याची गरज नसते. एफ असलेला थोडा स्वस्त मिळतो आणि मग कार्डाचा खर्च मागून येतो.

आता माझा क्रम सांगते. पहिला पैसा डिस्कवर, म्हणजे एसएसडीवर. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई हिंडून माहिती शोधते. एसएसडीत फिरणारं काही नाही. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या वर, आणि एनव्हीएमई जातीची त्याच्याही कितीतरी पट. पण खरा फरक पडतो तो हिंडण्याचा वेळ वाचल्यामुळे. सकाळी दुकान उघडून मशीन सुरू केल्यावर देवाला उदबत्ती लावून येईपर्यंत जे गोल गोल फिरत राहतं, ते या एका वस्तूनं थांबतं. हिशेब, बिलं, पत्रं यासाठी साटा आणि एनव्हीएमई यातला फरक आपल्याला जाणवणारही नाही, म्हणून तिथे हट्ट नको. किराणा-कापड दुकानाला २५६ जीबी पुरते. घरी फोटो साठवायचे असतील तर ५१२ घ्या.

दुसरी रॅम. ८ जीबीच्या खाली जाऊ नका, १६ असेल तर निवांत. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले, कारण एआयच्या मोठाल्या डेटा सेंटरना मेमरी लागते. त्यामुळे दुकानदार ४ जीबी घालून एकूण आकडा छोटा दाखवतात. त्यापेक्षा ८ ची एक पट्टी घ्या आणि बोर्डवर दुसरी जागा मोकळी आहे ना हे विचारा. भाव उतरले की दुसरी घालता येते.

आणि आता जिथे सगळे जण पैसे वाचवतात ती वस्तू, एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची वीज मशीनला झेपेल अशी करून देणारा हा डबा. स्वस्त कॅबिनेटसोबत "फुकट" येतो. त्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण हातात घेतला तर डबा रिकामा वाटावा इतका हलका! आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या खेड्यांत वीज कशी येते-जाते, दिवा कसा मंद-तेज होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. हा डबा जाताना कधीकधी बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो. म्हणून बिलात एसएमपीएस वेगळ्या ओळीत, कंपनीच्या नावासह मागा. ८० प्लस असं चिन्ह असलेला घ्या. चिन्हाचा अर्थ असा की आत घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के वीज कामी येते, उरलेली उष्णता होऊन जाते. कागदोपत्री वॉट कमी असले तरी चालेल, साध्या मशीनला फार लागत नाहीत.

इथे तुमच्या हातात आधीच असलेलं एक साधन आहे. दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी आपण ज्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासतो ना, त्याच अ‍ॅपवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरचा आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही तपासता येतो. भारतात अशी सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशानं सुरू झाली. लॅपटॉप, अडॅप्टर, मॉनिटर यांवर तो क्रमांक असायला हवा. दुकानातच फोन काढून बघा. मी बघते, आणि समोरचा एकदम "काकू, बसा ना" म्हणून खुर्ची देतो.

यूपीएस आपल्या भागात ऐषआराम नाही. घरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर मशीन दहा-पंधरा मिनिटं चालतं, तेवढ्यात एंट्री पुरी करून नीट बंद करायचं. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका, तो गरम होताना एकदम ओढ घेतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते हे गृहीत धरा. आणि तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनला विचारा.

कॅबिनेटबद्दल कुणी सांगत नाही ते मी सांगते. मागच्या बाजूच्या रिकाम्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या आहेत का, हवेच्या भोकांना जाळी आहे का, हे बघून घ्या. आतली ऊब बघून मुंग्या, झुरळं, पालीसुद्धा त्या खाचांतून आत शिरतात. पाल एसएमपीएसमध्ये अडकली की जीवही जातो आणि मशीनही. आपल्यासारख्यांच्या घरात एवढी पट्टी आधी लावलेली बरी. दुकानदार त्या काढून कुठेतरी टाकतात, त्या मागून घ्या. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका.

याला पुराचंही कारण आहे. २००५, २०१९, २०२१. कृष्णा-पंचगंगेनं तीन वेळा आपल्याला दाखवलं. दुकानात पाणी शिरलं की मशीन जातं, ते परत घेता येतं. उधारीच्या खात्यांचं काय? बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असेल तर त्याला बॅकअप म्हणायचं कशाला? कोटेशनमध्ये एक बाहेरची डिस्क धरा. दर शनिवारी डेटा तिच्यावर उतरवा आणि ती घरी वरच्या मजल्यावर, कपाटात ठेवा. माझ्या मते दुकानाच्या मशीनमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि कोटेशनात ती कधीच नसते.

प्रोसेसर माझ्या यादीत शेवटी येतो. बिलं, टॅली, जीएसटीचं पोर्टल, नातवाचा ऑनलाइन क्लास, यासाठी अलीकडच्या पिढीचा आय-३ किंवा एएमडीचा रायझन ३ पुरतो. मुलगा व्हिडिओ एडिटिंग करतो किंवा वास्तूचे नकाशे काढतो तर गोष्ट वेगळी, तिथे त्यालाच यादी करू द्या. पैसे उरले तर मॉनिटरवर घाला. आपल्या वयाच्या डोळ्यांना २२-२४ इंची, १९२० बाय १०८० चा पडदा लागतो. साडेअठरा इंचीवर डोकं खुपसून बसलं की मान आणि चष्मा दोन्ही बोलायला लागतात.

पण यादी करण्याआधी विचारायचं ते हे, की नवं हवंच का? विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, हे खरं. पण मशीन त्या दिवशी मेलं नाही. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या द्यायचं ठरवलं. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढची बहुतेक मशीनं विंडोज ११ घेतात. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट अ‍ॅप हो की नाही ते सांगतं. हो म्हणालं, तर नुसती एसएसडी आणि रॅम घालून तेच मशीन पुढची काही वर्षं काढेल. आणखी एक. चालू केल्यावर तारीख चुकीची, भलत्याच जुन्या सालाची दिसते आणि बँकेची साइट उघडत नाही, अशी तक्रार आली की "बोर्ड गेला" म्हणणारे आहेत. आधी आतली नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी बदलून बघायला सांगा.

घर आणि दुकान यांत बिलाचा फरक मात्र ध्यानात ठेवा. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानाची जीएसटी नोंदणी नेहमीची असेल, कंपोझिशनमधली नसेल, तर बिल दुकानाच्या नावानं आणि जीएसटी क्रमांकासह घ्या, म्हणजे तो कर वळता होतो. घसारा ४० टक्के दरानं मिळतो, पण त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. कराचं क्रेडिट घेतलं असेल तर घसारा कर वगळून उरलेल्या किमतीवर धरायचा. (बी.कॉम. कुठे कामाला आलं बघा!) घरच्या मशीनला यातलं काही नाही, म्हणून मुलाचा लॅपटॉप दुकानाच्या खात्यात ढकलू नका, तुमच्या सीएसाहेबांना डोकेदुखी होते. बिलावर प्रत्येक भागाचं नाव, सीरियल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. विंडोजचीही वेगळी ओळ हवी. ती नसेल तर बहुधा चोरीचं टाकून देणार.

जुनं मशीन भंगारवाल्याला देण्याआधी त्यातली डिस्क काढून घ्या. बँकेचे कागद, आधारची प्रत, सगळं त्यात असतं. ती चालू असेल तर यूएसबीच्या केसमध्ये बसवून घ्या. मोठी साडेतीन इंची असेल तर तिला विजेचं वेगळं अडॅप्टर लागतं, लॅपटॉपमधली छोटी नुसत्या वायरवर चालते. शनिवारच्या बॅकअपची दुसरी प्रत तिच्यावर ठेवता येईल. उरलेला सांगाडा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.