‘तुम्ही जाऊन या’ म्हणजे नेमकं काय?

पंचांग सांगतं, वसंत ऋतू चैत्र-वैशाखात. मुंबईला एवढा धीर नाही. चैत्र उजाडेपर्यंत इथे शर्ट पाठीला चिकटायला लागलेला असतो. आपला खरा वसंत म्हणजे जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात, जेमतेम पाच-सहा आठवडे. सकाळी हवेत गारवा, दुपारी चालवेल इतपतच ऊन, नॅशनल पार्कात पानं गाळून बसलेल्या काटेसावरीवर आणि पळसावर लाल-केशरी फुलं. वर्षभरात घराबाहेर पडायला याहून बरा काळ या शहरात नाही.

आणि नेमकं याच काळात शहरात काय काय चालू असतं बघा. काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल १९९९ पासून भरतोय. नऊ दिवस नाटक, नाच, गाणी, पुस्तकं, मुलांसाठी वर्कशॉप्स आणि प्रवेश फुकट. भायखळ्याला राणीबागेत महापालिकेच्या उद्यान विभागाचं तीन दिवसांचं पुष्पप्रदर्शन असतं. शेजारीच १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. शिवडी आणि ऐरोलीकडे खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरलेले असतात. ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत गेलं. ऐरोलीच्या केंद्रातून भरती-ओहोटीची वेळ साधून बोटीनेही पक्षी बघायला जाता येतं. बोरिवलीला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, त्यात कान्हेरीची लेणी आहेत. दुसऱ्या शहरातले लोक तिकीट काढून हे बघायला येतात. आपल्याला ते लोकलच्या पासावर मिळतं.

मग या सगळ्या ठिकाणी आपण कोणाबरोबर दिसतो? ग्रुपबरोबर. काळा घोड्याच्या रीलमध्ये आपण सात जण असतो, फ्लेमिंगोच्या स्टोरीत चार. आई कुठेच नसते. ‘चल ना’ म्हटलं, की तिचं उत्तर ठरलेलं असतं, ‘तुम्ही जाऊन या.’

हे उत्तर आपण फार पटकन ऐकून सोडून देतो. आईला गर्दी आवडत नाही, तिला यातलं काही कळत नाही, तिला घरीच बरं वाटतं, असे अर्थ आपणच काढून मोकळे होतो. मला वाटतं, हे तिन्ही अर्थ चुकीचे आहेत. पुरावा हवा असेल तर गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीत या. नववर्षाच्या स्वागतयात्रेची पद्धत याच गावातून सुरू झाली आणि मग सगळीकडे पसरली. त्या गर्दीत सकाळी सातला नऊवारी नेसून, नथ घालून, लेझीम खेळणाऱ्यांत आणि ढोलाच्या आवाजात कोण उभं असतं? याच सगळ्या आया. पंचाहत्तरीच्या आज्यासुद्धा. तेव्हा कोणी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणत नाही.

फरक काय आहे? फरक इतकाच, की यात्रा आपल्या गल्लीतून जाते. दर पन्नास पावलांवर कोणाचं तरी घर असतं. गुडघे दुखायला लागले तर कुलकर्णी काकूंच्या ओट्यावर टेकता येतं. पाणी मिळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘जरा आत जाऊन येते गं’ म्हणायला बाथरूम मिळतं.

लाजायचं कारण नाही, मुद्दा हाच आहे. माझी आई लांब कुठे जायचं असेल तर घरून निघताना पाणी पीत नाही. लग्न असो, हॉस्पिटल असो, फिरायला जाणं असो. चहा अर्धा कप. बाटली बरोबर घेते, पण ती आम्हाला द्यायला. मैत्रिणींना विचारलं, तर प्रत्येकीच्या घरी हेच. कोणी शिकवलेलं नाही, तरी अख्ख्या शहरातल्या बायकांना हे येतं. आता विचार करा, डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तासाचा प्रवास, मग रांग, मग दोन-तीन तास उभं राहणं, मग परत सव्वा तास. या हिशेबात फुकट प्रवेशाला काय अर्थ उरतो? ‘तुम्ही जाऊन या’ हा त्या हिशेबाचा निकाल असतो. तो ती आपल्याला मांडून दाखवत नाही, एवढंच.

म्हणून ‘फॅमिली फ्रेंडली’ हा शब्द पोस्टरवर दिसला, की मला प्रश्न पडतो, कोणाची फॅमिली? बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ असतो लहान मुलांसाठी फेस पेंटिंग आणि एक फूड स्टॉल. राणीबागेचंच उदाहरण घ्या. २०१७ मध्ये तिथलं तिकीट मोठ्यांसाठी पाच रुपयांवरून पन्नास झालं आणि सोबत शंभर रुपयांचं कुटुंबाचं तिकीट आलं. कुटुंब म्हणजे आई, बाबा आणि दोन मुलं. सवलत चांगलीच आहे, तक्रार नाही. पण या चौकटीत आजी बसत नाही, एकटी राहणारी मावशी बसत नाही, बावीस वर्षांची मी आणि माझी आई अशी दोघींचीच जोडीही बसत नाही. आमच्या वयाची मुलं आईवडिलांबरोबर फिरायला येतील, हे कोणाच्या डोक्यातच नसतं. खरं सांगायचं, तर ते आपल्याही डोक्यात नसतं.

मग कुटुंबं जातात कुठे? मॉलमध्ये. मॉलला नावं ठेवणं आपल्या पिढीला छान जमतं. ‘कसलं प्लास्टिक आयुष्य, झाडं बघा, इतिहास बघा.’ पण मॉलने एक गोष्ट बरोबर ओळखली आहे. तिथे स्वच्छ टॉयलेट आहे, तेही फुकट. लिफ्ट आहे. बसायला बाक आहेत. बाबा तासभर तिथे नुसते बसून राहिले तरी कोणी उठवत नाही. आजी आजारी पडेल अशी भीती वाटत नाही. या सगळ्याची किंमत आपण पुढे सिनेमाच्या चार तिकिटांत आणि दोन पॉपकॉर्नमध्ये भरतोच. हजार-दीड हजार कुठे गेले कळत नाहीत. म्हणजे ज्यांना परवडतं त्यांच्या आईला शहरात बसायला जागा आहे. ज्यांना परवडत नाही त्यांची आई घरी आहे. मला यातली ही बाजू सगळ्यात जास्त खटकते.

त्यात आपल्या शहराची वेळापत्रकंही अशी आहेत, की कुटुंबाने बाहेर पडूच नये. आठवड्यातला एक दिवस सगळे घरी असतात, रविवार. त्याच दिवशी मेगाब्लॉक. सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होतो, दुपारी चारच्या आसपास संपतो, म्हणजे नेमका फिरायला जाण्याचा वेळ. रुळांची दुरुस्ती हवीच, तिच्यावर माझा राग नाही. पण गच्च भरलेल्या स्लो लोकलमध्ये आजीला चढवायचं धाडस रविवारी कोण करणार? दुसरी गोष्ट परीक्षा. बारावी आणि दहावीची बोर्डाची परीक्षा याच फेब्रुवारी-मार्चमध्ये. घरात एक परीक्षार्थी असला, की अख्खं घर परीक्षेला बसतं. टीव्हीचा आवाज बंद, पाहुणे बंद, फिरणं तर विचारूच नका. दोन भावंडांची दहावी-बारावी ओळीने आली, की त्या घरातल्या आईचे दोन-तीन वसंत असेच जातात.

‘सरकारने करायला पाहिजे’ म्हणून हात झटकणं सोपं आहे, आणि काही गोष्टी खरंच त्यांनीच करायच्या आहेत. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालली ती याच प्रश्नावर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा अन्याय त्या बायकांनी उघड बोलून दाखवला. शब्द उच्चारायलाच लोक लाजत होते, तिथून हा विषय महापालिकेच्या टेबलापर्यंत गेला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत असं सांगतो. रॅम्प आणि रेलिंग ही कोणाची मेहेरबानी नाही. त्याचा फायदा व्हीलचेअरवाल्यांइतकाच बाबागाडी ढकलणाऱ्या ताईला आणि गुडघेदुखीवाल्या आजीलाही होतो.

पण एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि त्याबद्दल मला आपल्याशीच भांडायचंय. या शहरातले निम्मे इव्हेंट कोण उभे करतं? आपणच. कॉलेज फेस्टच्या कमिट्या, एनएसएसचे व्हॉलंटियर, फेस्टिव्हलमध्ये गळ्यात आयडी घालून धावणारी पोरं, सोशल मीडियाची पोस्टर्स बनवणारे बीएमएमचे विद्यार्थी. त्या पोस्टरवर आपण काय लिहितो? बँडचं नाव, हॅशटॅग, स्पॉन्सरचे लोगो. टॉयलेट कुठे आहे, बसायला खुर्च्या आहेत का, जवळचं स्टेशन कुठलं, स्टेशनपासून किती चालावं लागतं, पाणी भरून मिळेल का, हे पाच मुद्दे कुठल्याच पोस्टरवर नसतात. लिहायला खर्च शून्य. शिवाय लिहायला बसलं, की आपल्यालाच कळतं की अरे, टॉयलेटची सोयच केलेली नाही! पोस्टरवर ती ओळ कायम ठेवायची असा नियम केला, तर सोय करावीच लागेल.

दुसरं म्हणजे जागा निवडायची आपली पद्धत. आपण आधी काय बघायचं ते ठरवतो आणि मग घरच्यांना त्यात बसवतो. उलटं करून बघा. आधी ठरवा, आई किती वेळ चालू शकते आणि तिला कुठे बसता येईल. मग त्या परिघात काय बघायचं ते शोधा. रविवारऐवजी शनिवार घ्या. काळा घोड्याला शेवटच्या संध्याकाळी जाण्याऐवजी वीकडेच्या दुपारी जा. गर्दी कमी, ऊन सोसेल इतकं. राणीबाग बुधवारी बंद असते आणि नॅशनल पार्क सोमवारी, हे आधी बघून ठेवा, नाहीतर गेटवरून परत येणाऱ्या आईचं ‘म्हणूनच म्हटलं होतं’ वर्षभर ऐकावं लागेल.

कोणी म्हणेल, ‘अगं, पण आईबाबांबरोबर बोलायचं काय?’ प्रामाणिक प्रश्न आहे. घरात आपलं संभाषण ‘जेवलास का’ आणि ‘चार्जर कुठंय’ यावर अडकलेलं असतं. यावर बाहेर पडणं हाच उपाय आहे, कारण बाहेर बोलायला विषय आयते सापडतात. एकच सांगते. ज्या काळ्या घोड्याच्या नावाने फेस्टिव्हल भरतो, तो मूळ घोडा तिथे नाहीच. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला. तो आहे राणीबागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ. आज काळा घोडा चौकात दिसतो तो बिनस्वाराचा घोडा २०१७ मध्ये बसवलेला आहे. मधली पन्नासेक वर्षं घोड्याशिवायच त्या भागाला काळा घोडा म्हणत होते. आपल्याला ही क्विझमधली माहिती वाटते. पण घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल, तर त्यांना विचारा, तो पुतळा जागेवर असताना पाहिलाय का. संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा हे नाव पडलं. त्याच्याजवळ उभं राहून आजीला विचारा, ती पहिल्यांदा घारापुरीला कधी गेली. कदाचित ‘कधीच नाही’ असंही उत्तर येईल. तेही कळायला हवं. ज्या बाईने साठ वर्षं मुंबईत काढली, तिने मुंबई किती पाहिली, हा प्रश्न आपल्या घराघरात विचारायला हवा.

आपल्या हातात किती वसंत आहेत, याचाही विचार करा. तिसऱ्या वर्षाला असलेल्यांपैकी कोणी पुढच्या वर्षी पुण्याला असेल, कोणी बेंगळुरूला, कोणी बाहेर देशी. ज्यांना इथेच नोकरी लागेल त्यांना फेब्रुवारीतली मोकळी दुपार पुन्हा सहजासहजी मिळणार नाही. आणि आईचे गुडघे दरवर्षी थोडे जास्त दुखतात.

तेव्हा या आठवड्यात घरी ‘चल ना’ म्हणून थांबू नका. त्याला उत्तर येणारच, ‘तुम्ही जाऊन या.’ त्याऐवजी पूर्ण वाक्य बोला. ‘शनिवारी दुपारी दोनची लोकल, भायखळ्याला उतरायचं, टॉयलेट कुठे आहे ते मी बघून ठेवलंय, तासाभराने आपण बाकावर बसणार आहोत.’ आणि निघताना तिच्या हातात पाण्याचा ग्लास द्या. ती तो पूर्ण पिऊन निघाली, तर समजा की ती आऊटिंग खरंच फॅमिली फ्रेंडली आहे.