जालन्यात लिजिओनेला नाही, हे ठरवलं कुणी?

लिजिओनेला या पाण्यातल्या जंतूचा न्यूमोनिया हा श्रीमंत देशांचा, वातानुकूलित हॉटेलांचा रोग. जालन्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे पाइपातल्या जंतूंचे चोचले कसले, असं आमच्याकडचे एक जाणते डॉक्टर हल्ली ठासून सांगतात. त्यांचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: इथे एकही रुग्ण सापडलेला नाही.

सापडला नाही! पण शोधला कुणी? भोकरदनहून, अंबडहून न्यूमोनियाचा रुग्ण येतो, एक्स-रे निघतो, सेफ्ट्रायक्सोन सुरू होतं. या जंतूवर ते चालत नाही; अॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं. थुंकीचं नेहमीचं कल्चर लावलं तरी तो उगवत नाही, त्याला कोळसा आणि यीस्टचा अर्क घातलेलं खास माध्यम हवं. लघवीची तपासणी आहे, पण ती मुख्यतः एकाच प्रकाराला पकडते, आणि ती लिहून देतं कोण? रुग्ण दगावला की कागदावर ‘न्यूमोनिया’, प्रकरण मिटलं. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर माणसं पटापट गेली, तेव्हा अमेरिकेच्या अव्वल प्रयोगशाळेच्याही हाती जंतू लागायला जानेवारी १९७७ उजाडला. मग जपून ठेवलेले जुने नमुने तपासले, तर १९६५ मधली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयातली न उलगडलेली साथ याच जंतूची निघाली. बारा वर्षं तिथेही ‘हा रोग नव्हताच’. नमुने फेकून दिले असते, तर आजही नसता.

पाणी कमी म्हणून धोका कमी, हे तर साफ उलटं. जायकवाडीचं पाणी कित्येक दिवसांनी येतं, मध्ये टँकर. म्हणून साठवण आलीच. साठलं की क्लोरीन उडतो, तळाशी गाळ बसतो, पाइपाच्या आत बुळबुळीत थर धरतो. हा जंतू २५ ते ४५ अंशांत फोफावतो. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून हात धरा. ‘थंड पाणी २० अंशांखाली ठेवा’ हा नियम थंड देशांचा. आम्हाला तो मार्गच बंद आहे, म्हणून जपायला हवं ते आम्हीच जास्त.

माणसाकडून माणसाला लागत नाही म्हणे. तो पाण्याच्या तुषारांतून श्वासात जातो, म्हणूनच पाण्यातच अडवावा लागतो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायर बाटलीत नळाचं पाणी भरू नका म्हणून आम्ही भांडलो, तेव्हाही उत्तर हेच: आधी ऑक्सिजन तर मिळू द्या. ते दिवस धावपळीचे होते. आज कसली धावपळ आहे? आजही नेब्युलायझरचा कप बेसिनच्या नळाखाली विसळून ओलाच पुढच्या दमेकऱ्याच्या तोंडाला लागतो, आणि त्या तुषारांबरोबर जे असेल ते थेट फुफ्फुसात उतरतं.

करायचं काय? रुग्णालयाची टाकी उपसून, घासून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावी. क्लोरीनची ओटी टेस्ट टाकीपाशी करून थांबू नये, सगळ्यात लांबच्या वॉर्डच्या नळाला करावी. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलाच पाहिजे. बंद खोल्यांचे नळ नेमाने वाहते करावेत, वापरात नसलेला पाइप कापून टाकावा. गरम पाणी ६० अंशांवर साठवावं, नेब्युलायझरला निर्जंतुक पाणीच वापरावं. आणि दाखल झाल्यावर काही दिवसांनी ज्याला न्यूमोनिया होतो, त्याची लघवी तपासायला पाठवावी. मग डॉक्टरसाहेबांनी सांगावं, इथे रोग नाही म्हणून.