जटेचा बाजार

पोरीच्या डोक्यात जट दिसली की देवऋषी धावत येतो व सांगतो, "यल्लम्मा आली, कात्री लावाल तर घर बुडेल!" मग हाती परडी देऊन पोरीला सौंदत्तीची वाट दाखवितात. लग्न नाही, संसार नाही. जोगवा मागत फिरणे! बंधुभगिनींनो, केस मुळाशी जिवंत, बाहेर आलेला सारा मेलेला. म्हणून तर कापताना दुखत नाही. रोज ५० ते १०० केस गळतात. फणी फिरली नाही म्हणजे ते बाकीच्यांत गुंततात, वर तेल, धूळ व घाम मुरतो. झाली जट! एवढ्यासाठी देवीने डोंगर उतरावा काय? आणि उतरते तीही आमच्याच झोपडीत. सावकाराचा वाडा तिला सापडत नाही वाटते! देवदासी सोडण्यास मुंबई इलाख्यात १९३४ साली कायद्याने बंदी झाली, महाराष्ट्राने २००५ साली पुन्हा कायदा केला. परंतु देवऋषाची जीभ मोकळीच! इकडे ओझ्याने पोरीची मान दुखते, डोक्यात उवा माजतात, झोप लागत नाही. आयाबायांनो, न्हावीदादास बोलवा. तो भ्याला तर घरची कात्री घ्या. टाळूपासून बोटभर सोडून कापा, आणि रक्त निघते की काय ते देवऋषालाच समोर बसवून दाखवा.