आधी स्ट्रोक मोजा

नंबरप्लेटीचा विषय मी बंद केला होता. या आठवड्यात बीडमधल्या टाटाच्या एका जुन्या १२१० ट्रकने तो उघडायला लावला. मालकाने नव्या हाय-सिक्युरिटी प्लेटीचा अर्ज भरताना गाडीखाली वाकून, चिंधीने ऑइल पुसून, ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचला आणि तोच लिहिला. नोंदीशी जुळेना. मग आर.सी. बुकातला नंबर टाकला, तर अर्ज मुकाट्याने पुढे सरकला. म्हणजे गाडीत जे इंजिन आहे ते खरं सांगितलं तर अडचण, आणि जे केव्हाच भंगारात गेलं त्याचा नंबर दिला की लेझर कोडची प्लेट तयार!

इंजिन बदलणं गुन्हा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगी घ्या म्हणतं, राहून गेली तर १४ दिवसांत कळवा म्हणतं. कळवतं कोण? ऐन ऊसतोडीच्या सीझनमध्ये ब्लॉक फुटला की मुकादम आधी गाडी चालू करायची की आरटीओला जायचं, याचा विचार करत बसत नाही. कुठून तरी हाफ इंजिन येतं, रातोरात बसतं. पुढची पासिंग जुन्याच नंबरावर होते. पुढे गाडी विकायला निघते तेव्हा काही जण त्या ब्लॉकवर जुना नंबर ठोकूनही देतात. मग बुक आणि ब्लॉक दोन्ही एकच खोटं बोलतात.

म्हणून मी पंचिंगपेक्षा मिस्त्रीच्या पट्टीवर विश्वास ठेवतो. टाटाने इंजिनाचं माप नावातच ठेवलंय. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे सहा आणि ९७. बोअर झिजतो, पुन्हा बोअर केला की थोडा वाढतो, लायनर घातला की मूळ मापावर येतो. स्ट्रोक मात्र क्रँकमध्ये असतो. त्याला वय नाही. ६९२ चा १२० मिलिमीटर, ६९७ चा १२८. पहिलं ४.८ लिटरचं, दुसरं ५.७ लिटरचं. हेड काढा, पिस्टन वरून खालपर्यंत किती जातो ते मोजा. आठ मिलिमीटरचा फरक साध्या पोलादी पट्टीवर दिसतो. त्याला ना होलोग्राम लागतो ना ओटीपी. एक मेख आहे: स्ट्रोक १२० आणि बोअर १०२ निघाला, तर ते ६९२ नव्हे, कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन. ते जुन्या १२१० चं मूळ असूच शकत नाही. टाटा-कमिन्स कंपनीच १९९३ ची.

जाळीवरचं मर्सिडीजचं चिन्ह बघून हुरळणाऱ्यांचं काय सांगावं! टाटाची टेल्को आणि डेमलर-बेंझचा करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला. आज बाजारात 'ओरिजिनल मर्सिडीज' म्हणून तारा लावून उभ्या गाड्या पाहिल्या की वाटतं, जर्मन लोक बीडला राहूनच गेले.

इतकं करूनही पट्टी फक्त जात सांगते, तेच इंजिन आहे का ते सांगत नाही. पण कागद तर जातही धड सांगत नाही. पासिंगच्या वेळी अधिकाऱ्याने बॉनेट उघडून ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचला, तरी निम्मा घोळ मिटेल. तेवढा वाकायचा त्रास आहे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, त्याआधी उचलीच्या पैशातून जुन्या गाड्यांचे सौदे होतील. इसार देण्याआधी हेड उघडायला लावा. मिस्त्रीची मजुरी आणि हेड गॅसकेटचा खर्च तुम्ही द्या. विकणारा नको म्हणाला तर गाडी घेऊ नका.

— क्लीनर