पुढचंच स्टेशन, मग तिकीट किती?

मंडळी, एक सोपा प्रश्न. दादरहून वांद्र्याला लोकलने जायचं तर तिकीट किती?

"५ रुपये" असं म्हणालात तर उत्तर बरोबर आहे. "३५ रुपये" म्हणालात तरी बरोबरच आहे! आणि इथेच माझी आत्या फसली.

आत्या इंदूरची. लग्नानंतर सगळं आयुष्य तिकडेच गेलं. मुंबईला येते ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा. गेल्या खेपेला तिने दादरला खिडकीवर रांगेत उभं राहून ५ रुपयांचं तिकीट काढलं, समोर आलेल्या गाडीत चढली, दारं आपोआप बंद झाली आणि गार वारा लागला. तिला वाटलं, वा, मुंबई सुधारली! दोन मिनिटांत तिकीट तपासनीस हजर. ती एसी लोकल होती. दंड २५० रुपये, भाड्याची रक्कम वेगळी.

पैशांचं तिला फारसं वाटलं नाही. पण भरल्या डब्यात "तिकीट चालणार नाही" हे ऐकून ती कानकोंडी झाली. दुधाच्या हिशेबाची वही आजही रोज लिहिणारी बाई ती. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "अगं, रूळ तेच, स्टेशन तेच, अंतर तेच. मग तिकीट वेगळं कसं?"

तिचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. म्हणून आजचा हा लेख.

अंतर एक, भाडी अनेक

आपल्याला वाटतं, रेल्वेचं भाडं किलोमीटरवर ठरतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं ठरतं तुम्ही कोणत्या गाडीत बसलात यावर.

मुंबईत लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं ५ रुपये. मरीन लाइन्सहून चर्नी रोडला, म्हणजे जेमतेम एक स्टेशन जा, ५ रुपयेच. आणि सीएसएमटीहून दादरपर्यंत ९ किलोमीटर जा, तरी ५ रुपयेच. कारण भाडं टप्प्यांत ठरतं आणि पाचाच्या पटीत येतं. त्यामुळे टप्प्याच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत जाणाऱ्याची चंगळ, आणि त्याच्या पुढच्या स्टेशनवर उतरणाऱ्याचं तिकीट एकदम वाढतं.

आता त्याच फलाटावरून पहिल्या वर्गात बसा. किमान भाडं २५ रुपये. एसी लोकलमध्ये ३५ रुपये. हे भाडं तर कमी केलेलं आहे बरं का. ५ मे २०२२ पूर्वी एसी लोकलचं किमान भाडं ६५ रुपये होतं! आणि लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चढलात तर किमान ३० रुपये. ती सुपरफास्ट असेल तर वर आणखी १५.

याच्या उलट टोकाला मासिक पास. दुसऱ्या वर्गाचा किमान पास १०० रुपयांचा. महिन्यात २५ दिवस ये-जा केली तर ५० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला फक्त २ रुपये! पासाची किंमत साधारण १५ फेऱ्यांच्या भाड्यावर बेतलेली असते. जून २०१४ मध्ये ती ३० फेऱ्यांवर नेण्याचं जाहीर झालं होतं. मुंबईकर इतके खवळले, की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

पण यात एक गोम आहे. ज्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला १०० रुपये बाजूला काढण्याची सोय आहे, त्याला प्रवास स्वस्त. उद्या काम मिळेल की नाही हे माहीत नसलेला मजूर रोजचं तिकीट काढतो, आणि तेवढ्याच ५० फेऱ्यांना २५० रुपये मोजतो.

पाटी बदलली, भाडं वाढलं

तुम्ही मुंबईत राहत नसाल, तर "आम्हाला काय त्याचं" असं म्हणू नका. कारण सगळ्यात मोठा घोळ छोट्या गावांत झाला.

साध्या पॅसेंजर गाडीचं किमान भाडं १० रुपये. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या त्या 'स्पेशल' म्हणून, शून्याने सुरू होणारे क्रमांक घेऊन. गाडी तीच, थांबे तेच, पण भाडं एक्स्प्रेसचं, किमान ३० रुपये. शेजारच्या स्टेशनवर भाजी विकायला जाणारी बाई, कॉलेजला जाणारा मुलगा, सगळ्यांना तिप्पट भाडं. जुनं भाडं परत आलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. येऊन-जाऊन २० रुपयांच्या जागी ६० रुपये म्हणजे काय, हे ज्याची रोजची कमाईच दोन-तीनशे आहे त्याला विचारा.

किलोमीटरही लांबतो!

आता आणखी एक गंमत. काही मार्गांवर भाड्यासाठी किलोमीटरच जास्त धरले जातात. कोकण रेल्वे हे त्याचं आपल्या ओळखीचं उदाहरण. डोंगर फोडून, बोगदे खणून, दऱ्यांवर पूल बांधून हा मार्ग झाला, १९९८ साली पूर्ण सुरू झाला. तो खर्च भरून यावा म्हणून प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून मोजायचा नियम झाला. म्हणजे कोकणातले १०० किलोमीटर तिकिटाच्या हिशेबात १४०!

नवी मुंबईतही असाच प्रकार. १९९२ मध्ये खाडीवरून मानखुर्द ते वाशी रेल्वे आली. नवी मुंबईतल्या रेल्वेमार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि तो वसूल करायला तिथल्या तिकिटांवर अधिभार लागला. खाडी ओलांडली की तिकीट का वाढतं, याचं उत्तर अनेक वर्षं हेच होतं.

म्हणजे प्रत्येक विचित्र भाड्यामागे काहीतरी कारण असतं. कुठे पूल, कुठे एसी, कुठे नुसती पाटी. अडचण एवढीच, की ते कारण तिकिटावर छापलेलं नसतं.

मग आपण काय करायचं?

खिडकीवर स्टेशनच्या नावासोबत गाडीचा प्रकारही सांगा: साधी लोकल, एसी लोकल, पॅसेंजर की एक्स्प्रेस. मोबाइलवर 'रेलवन' ॲपवरून तिकीट काढताना गाडीचा प्रकार आणि वर्ग निवडायचा पर्याय येतो, तो घाईत पुढे ढकलू नका. फलाटावरच्या इंडिकेटरवर एसी लिहिलंय का ते बघा. लोकलच्या तिकिटावर एक्स्प्रेसमध्ये चढू नका, थांबा तोच असला तरी. आणि महिन्यात दहा-बारा दिवस जरी ये-जा होणार असेल, तरी पासाचा हिशेब एकदा कागदावर करून बघा.

घरी कोणी पाहुणे आले, विशेषतः वयस्कर माणसं, तर त्यांना हे दोन मिनिटं बसून समजावून सांगा. मी आत्याला सांगितलं नव्हतं. दंड तिने भरला, पण चूक माझीही होती.

परवा तिचा इंदूरहून फोन आला. दंडाची पावती तिने हिशेबाच्या वहीत चिकटवून ठेवली आहे. पुढे खर्चाच्या रकान्यात लिहिलंय, "गार वारा."