संघ मोडला, मंडळी राहिली

वाचकहो, संस्था काढण्याची हौस आपल्याला भारी. चार मित्र जमले, दोन कप चहा झाला की एखादे मंडळ जन्माला येते. त्याचे बारसे थाटात होते, घटना लिहिली जाते, शिक्का बनतो आणि चार-दोन वर्षांनी तो शिक्का कोणाच्या घरी राहिला याचा वाद सुरू होतो. संस्था बंद पडण्याच्या गोष्टी म्हणूनच आपल्याला नव्या नाहीत. पण चालती, जिंकती संस्था मालकांनी बंद केली आणि तिच्या नुसत्या प्रेक्षकांनी पदरमोड करून तिच्या जागी दुसरी उभी केली, असे उदाहरण शोधायला बरेच लांब जावे लागते. मला ते जपानात सापडले. दिवाळीच्या फराळाबरोबर ही फुटबॉलची कथा ऐका. खेळातले काही कळत नसले तरी चालेल, कारण कथा खेळापेक्षा माणसांची अधिक आहे.

टोकियोच्या दक्षिणेला योकोहामा हे मोठे बंदर आहे. १८५९ साली ते परदेशी व्यापाराला खुले झाले. इथून जपानी रेशीम बाहेर जाई आणि बाहेरच्या नव्या नव्या गोष्टी इथूनच देशात शिरत. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक सामने भरले. त्यांतले काही फुटबॉलचे सामने योकोहामातल्या मित्सुझावा मैदानावर झाले. त्याच वर्षी शहराच्या नाका नावाच्या विभागात मुलांचा एक क्रीडासंघ निघाला. मालक नाही, पगार नाही, जाहिरात नाही. गल्लीतली पोरे, त्यांचा चेंडू आणि त्यांना शिकवणारी हौशी मोठी माणसे, एवढेच भांडवल. आपल्या कथेचे बीज हे.

पोरे वाढली आणि संघही वाढला. त्या काळी जपानात फुटबॉल हा धंदा नव्हता. १९६५ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, पण तिच्यातले संघ कारखान्यांचे आणि कंपन्यांचे होते. खेळाडू कंपनीचे नोकर असत. दिवसा कचेरी आणि मग सराव. अशा जगात गल्लीतल्या संघाला वर चढायचे म्हणजे कोणाचा तरी हात धरणे आले. १९७९ मध्ये ऑल निप्पॉन एअरवेज या विमान कंपनीने तो हात पुढे केला. संघाचे नाव ‘योकोहामा ट्रायस्टार’ झाले. ट्रायस्टार हे त्या कंपनीच्या ताफ्यातल्या एका विमानाचे नाव! पुढे १९८४ मध्ये कंपनीचेच नाव संघाला लागले आणि १९८५ मध्ये संघ लीगच्या पहिल्या वर्गात दाखल झाला. गल्लीतले पोर श्रीमंताघरी दत्तक गेले, कपडे नवे आले, पण आडनाव बदलले.

दत्तकाच्या घरात जे व्हायचे तेच पुढे झाले. जुनी गावची मंडळी आणि कंपनीची मंडळी यांच्यात धुसफूस सुरू झाली. २२ मार्च १९८६ रोजी मित्सुबिशीच्या संघाशी सामना होता. सामना सुरू होण्याच्या तोंडावर सहा खेळाडूंनी खेळायला नकार दिला आणि ते चालते झाले. उरलेल्या आठ जणांनी सामना खेळला आणि अर्थात हरला. फुटबॉल संघटनेने त्या सहा जणांवर बंदी घातली. शिस्तीच्या दृष्टीने ते योग्यच म्हणावे लागेल. जपानसारख्या शिस्तप्रिय देशात तर ही मोठीच नाचक्की. पण त्या सहा जणांनी मैदान सोडताना एक प्रश्न मागे ठेवला होता. संघ कोणाचा? जो पैसा घालतो त्याचा, की ज्यांनी तो वाढवला त्यांचा? त्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. बारा वर्षांनी तोच प्रश्न व्याजासकट परत आला.

मधल्या काळात जपानी फुटबॉलने कात टाकली. १९९३ मध्ये ‘जे. लीग’ ही धंदेवाईक लीग दहा संघांनिशी सुरू झाली. तिचे प्रमुख साबुरो कावाबुची यांचा एक आग्रह होता. संघाच्या नावात कंपनी नको, गाव हवे. लोकांनी ‘आमच्या कंपनीचा’ न म्हणता ‘आमच्या गावाचा’ म्हणून टाळ्या वाजवाव्यात, ही त्यामागची दृष्टी. त्यानुसार आपल्या संघाचे पुन्हा एकदा बारसे झाले. नाव ठेवले ‘योकोहामा फ्लुगेल्स’. फ्लुगेल म्हणजे जर्मन भाषेत पंख. विमान कंपनीच्या संघाला शोभेसे नाव! पाठीशी दोन कंपन्या होत्या, ही विमान कंपनी आणि दुसरी सातो कोग्यो नावाची बांधकाम कंपनी. पाटीवर गाव आले खरे, पण तिजोरीची किल्ली होती तिथेच राहिली.

त्याच गावात निसान मोटार कंपनीचा ‘मरिनोस’ हा दुसरा संघ होता. तो अधिक नावाजलेला. फ्लुगेल्सची स्थिती धाकट्या जावेसारखी. काही ‘घरचे’ सामने त्यांनी दूर दक्षिणेला क्युशू बेटावर जाऊन खेळले. तरीही संघ गुणी निघाला. जपानात ‘सम्राट चषक’ नावाची फार जुनी स्पर्धा आहे. तिचा अंतिम सामना कित्येक वर्षे १ जानेवारीला होत असे. जपानी लोकांचा तो नववर्षाचा सण. सकाळी देवदर्शन, दुपारी घरच्यांबरोबर फुटबॉल. १९९४ च्या नववर्षदिनी फ्लुगेल्सने हा चषक जिंकला. १९९५ मध्ये आशियातल्या चषकविजेत्या संघांची स्पर्धाही मारली. त्याच वर्षी ब्राझीलहून झिन्यो, एव्हाइर आणि सेझार साम्पायो असे नामांकित खेळाडू आणले. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या विश्वचषकात स्पर्धेचा पहिला गोल ब्राझीलकडून केला तो या साम्पायोने, आणि त्या वेळी तो फ्लुगेल्सचा खेळाडू होता. जपान त्याच वर्षी विश्वचषकात प्रथम उतरला. त्या चमूत फ्लुगेल्सचे यामागुची आणि गोलरक्षक नाराझाकी होते. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, घर कसे भरलेले आहे!

पण भरलेल्या घराच्या भिंतींना वाळवी लागली होती. जपानच्या भरभराटीचा फुगा नव्वदीच्या आरंभीच फुटला होता. जमिनीचे भाव कोसळले, त्याखाली बांधकाम कंपन्या चेपल्या गेल्या. सातो कोग्योला संघाचा खर्च झेपेना. ही कंपनी पुढे २००२ मध्ये दिवाळखोरीच्या मार्गाने गेली. विमान कंपनीही एकट्याने भार उचलायला तयार नव्हती. तेव्हा मालक मंडळींनी बंद दाराआड एक तोडगा काढला. २९ ऑक्टोबर १९९८ रोजी बातमी फुटली, की फ्लुगेल्स हा संघ मरिनोसमध्ये विलीन होणार.

विलीन! शब्द किती सुबक! नदी सागरात विलीन होते, तसे काहीतरी पवित्र घडणार असे वाटते. प्रत्यक्षात मरिनोस राहणार होता आणि फ्लुगेल्स जाणार होता. खेळाडूंना विचारले नव्हते, मग प्रेक्षकांना कोण विचारतो? प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांना वर्षानुवर्षे हिणवले, त्यांचाच सदरा उद्यापासून घाला, असे त्यांना सांगण्यात आले. लोक रस्त्यांवर उभे राहून सह्या गोळा करू लागले, सभा झाल्या, विनवण्या झाल्या. मालक बधले नाहीत. हिशेबाच्या वहीत प्रेमाचा रकाना नसतो, हेच खरे.

इथून पुढचा भाग मात्र नाटककाराने रचावा असा आहे. संघाचे भवितव्य ठरले होते, पण हंगामातले सामने शिल्लक होते. बातमीनंतर दोनच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, फ्लुगेल्स मैदानात उतरले आणि सेरेझो ओसाका संघाला त्यांनी सात गोलांनी धुतले. स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. लीगचे उरलेले चारही सामने ते जिंकले. मग सम्राट चषकाची स्पर्धा आली. ती बाद पद्धतीची. म्हणजे हरलात की संपलात, आणि इथे ‘संपलात’ हा शब्द अक्षरशः खरा होता. ज्या दिवशी हार, त्या दिवशी संघाचा शेवट. प्रत्येक विजय म्हणजे आणखी काही दिवसांचे आयुष्य! जर्मन शिक्षक गेर्ट एंगेल्स यांच्या हाताखाली ही पोरे असे एकेक दिवस कमावत गेली. उपउपांत्य सामन्यात जुबिलो इवाता, उपांत्य सामन्यात काशिमा अँटलर्स, असे त्या काळचे दोन सर्वांत बलाढ्य संघ त्यांनी लोळवले.

१ जानेवारी १९९९. टोकियोचे राष्ट्रीय क्रीडांगण. समोर शिमिझू एस-पल्स. पहिला गोल शिमिझूच्या सावानोबोरीने केला. मध्यंतराच्या आधी हिसानागाने बरोबरी साधली. उत्तरार्धात ताकायुकी योशिदाने दुसरा गोल मारला आणि फ्लुगेल्स २–१ ने जिंकले. बातमी फुटल्यापासून नऊ सामने, नऊ विजय. कर्णधार यामागुचीने चषक उचलला. प्रेक्षक गात होते, रडत होते. जगातल्या प्रत्येक विजेत्याला पुढच्या वर्षी किताब राखायची चिंता असते. या विजेत्यांना ती नव्हती, कारण त्यांना पुढचे वर्षच नव्हते. त्या शेवटच्या दिवसांत प्रेक्षकांनी एक फलक लावला होता. ही भावना संपणार नाही, कारण ती संपू द्यायची नाही असे आम्ही ठरवले आहे, अशा अर्थाचा.

फलक लावणे सोपे असते. या मंडळींनी तो खरा करून दाखवला. स्पेनमधला बार्सिलोना क्लब त्याच्या सभासदांच्या मालकीचा आहे. तोच कित्ता गिरवून या प्रेक्षकांनी वर्गणी जमवली आणि ‘योकोहामा एफसी’ नावाचा नवा संघ स्थापन केला. जर्मनीच्या बुंडेसलिगात खेळणारा पहिला जपानी खेळाडू यासुहिको ओकुदेरा याने कारभाराची धुरा घेतली. १९९० च्या विश्वविजेत्या जर्मन चमूतला पिअर लिटबार्स्की शिक्षक म्हणून आला. संघाच्या चिन्हावर काय घ्यावे? राखेतून पुन्हा उठणारा फिनिक्स पक्षी! पंख गेले, पण पाखरू उडाले. जे. लीगने मात्र ताट वाढून दिले नाही. तळापासून या, असे सांगितले. त्याप्रमाणे हा संघ खालच्या जेएफएल स्पर्धेत खेळला. १९९९ मध्ये पहिला आला, २००० मध्ये पुन्हा पहिला आला आणि २००१ मध्ये जे. लीगच्या दुसऱ्या वर्गात पोचला.

इथे कथा संपवली असती तर गोड झाली असती. पण गोड शेवटाखातर अर्धे सत्य सांगणे बरे नव्हे. संघ काढायला प्रेम पुरते, चालवायला पैसा लागतो. सभासद आणि कारभारी यांच्यात लवकरच वाद झाले. सगळ्यांच्या मालकीची वस्तू अनेकदा कोणाच्याच मालकीची राहत नाही, हा अनुभव आपल्याकडच्या कोणत्याही मंडळाच्या चिटणीसाला विचारावा. काही वर्षांतच खानपानसेवा देणाऱ्या एका कंपनीच्या हाती संघाची सूत्रे गेली. कंपनीच्या तावडीतून सुटण्यासाठी निघालेला संघ पुन्हा कंपनीच्याच दारी आला.

उलट मरिनोसचे काही वाईट झाले नाही. त्यांनी आपल्या नावामागे फ्लुगेल्सचे ‘एफ’ लावून घेतले, जसे एखाद्या सुनेला माहेरच्या नावाचे आद्याक्षर तेवढे ठेवू द्यावे. ‘एफ. मरिनोस’ या नावाने त्यांनी २००३, २००४, २०१९ आणि २०२२ मध्ये लीगचे अजिंक्यपद मिळवले. फ्लुगेल्समध्ये १९९८ साली नुकताच दाखल झालेला यासुहितो एन्डो हा पोरगा इतर संघांकडून खेळत जपानच्या राष्ट्रीय संघात १५२ सामने खेळला. म्हणजे धनी, खेळाडू, लीग, सगळ्यांचे काही ना काही भले झाले. उघड्यावर पडले ते फक्त टाळ्या वाजवणारे.

मग त्यांनी मिळवले काय? २००६ मध्ये योकोहामा एफसी दुसऱ्या वर्गात पहिला आला आणि २००७ मध्ये पहिल्या वर्गात चढला. त्या मार्चमध्ये मित्सुझावा मैदानावर, म्हणजे जिथे फ्लुगेल्स नांदले तिथेच, एफ. मरिनोसशी त्यांची गाठ पडली आणि एफसी १–० ने जिंकले. ऑगस्टमध्ये मरिनोसने त्याची ८–१ अशी सव्याज परतफेड केली, तेही सांगितले पाहिजे! त्या वर्षी चौतीस सामन्यांत एफसीने अवघे चार जिंकले आणि तळाला जाऊन खाली घसरले. पण त्या चारांतला शेवटचा विजय हंगामाच्या अखेरच्या दिवशी उरावा रेड्स या संघावर होता, आणि त्यामुळे उरावाचे अजिंक्यपद हुकले. पुढे २०१९, २०२२ आणि २०२४ मध्ये हा संघ वर चढला, मध्ये मध्ये पडलाही. याच संघाकडून काझुयोशी मिउरा या खेळाडूने मार्च २०१७ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, लीगच्या सामन्यात गोल केला. पन्नाशीला आपण जिना चढताना कठड्याला हात लावतो.

हा नवा संघ म्हणजे जुना फ्लुगेल्स नव्हे. जुने चषक त्याच्या खात्यावर नाहीत, खेळाडूही पांगले. तेव्हा मालकांनी एक गोष्ट खरोखरच संपवली, हे कबूल करावे लागते. पण त्या सहा खेळाडूंनी मागे ठेवलेल्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर या प्रेक्षकांनी दिले आहे. संघ विकत घेता येतो, विकता येतो, दुसऱ्यात मिसळता येतो. पण शनिवारी पावसात छत्री घेऊन बाकावर येऊन बसणारा माणूस कोणत्याही करारात लिहून देता येत नाही. तो उद्या कुठे बसायचे ते स्वतः ठरवतो. योकोहामातल्या काही हजार माणसांनी ते ठरवले, आणि आजही मित्सुझावाच्या मैदानाशी फिनिक्स पक्ष्याचे नाते टिकून आहे.

तुमच्या गल्लीतले वाचनालय, नाट्यमंडळ किंवा तालीम यंदा वर्गणी मागायला आली, तर एवढी गोष्ट आठवा. पाटीवर नाव कोणाचेही असो. दिवा तेवत राहतो तो रोज तेल घालणाऱ्याच्या हातून.